अर्थशास्त्र शिकून मंत्री होता येतं का? (मनमोहन सिंग आणि इतर)

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. मी एमए इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात वर्गात प्रेझेंटेशन होतं, विषय १९९१ च्या सुधारणा, आणि मी बिनधास्त ठोकून दिलं की मनमोहन सिंग १९९१ ला लोकसभेवर निवडून आले आणि अर्थमंत्री झाले. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, कुठून? आणि माझी बत्ती गुल. सगळे हसले, सर पण हसले. घरी येऊन शोधलं तर काहीतरी भलतंच दिसलं, आसाम वगैरे, डोक्यावरून गेलं.

तर प्रश्न असा आहे की अर्थशास्त्रज्ञ माणूस मंत्री होतो म्हणजे नेमकं काय होतं? निवडणूक न लढवता कसा होतो, त्याला कोण उचलून आणतं, आणि मुख्य म्हणजे तिथे गेल्यावर त्याच्या अर्थशास्त्राचा उपयोग होतो की ते बाहेर चपलांच्या बाजूला काढून ठेवायला लागतं? आमचे बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, ते म्हणतात इकॉनॉमिक्सवाले नुसते टीव्हीवर बोलायला, खुर्ची वकिलाला नाहीतर साखर कारखानदाराला. मला हे खोडून काढायचंय पण माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि त्यातच मी तोंडावर आपटलेय. पुस्तकी भाषेत नको, नीट सांगा कोणीतरी.

फोर्टातला_म्हातारा

लेकी, त्या मागच्या बाकावरच्या पोराला आधी एक कटिंग पाज. मनमोहन सिंग लोकसभेवर कधीच निवडून आले नाहीत. एकदाच उभे राहिले, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि विजयकुमार मल्होत्रांनी पाडलं. बाकी सगळं राज्यसभेतून, दहा वर्षं पंतप्रधान होते तेसुद्धा.

मी १९७९ ला फोर्टातल्या एका बँकेत कॅशला लागलो. तुम्हा जीपेवाल्यांना माहीत नसेल पण रुपयाची नोट आणि बाकीच्या नोटा यांची जात वेगळी. रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थ खात्याच्या सचिवाची सही. दोनच्या नोटेपासून पुढे रिझर्व्ह बँकेच्या, तिथे गव्हर्नरची सही आणि वर ते 'मैं धारक को' वालं वचन. रुपयाच्या नोटेवर वचन नसतं, बघ कधी मिळाली तर. मी लागलो तेव्हा ज्या कोऱ्या रुपयाच्या नोटा मोजल्या त्यावर मनमोहन सिंगांची सही होती, कारण १९७६ ते ८० ते अर्थ सचिव होते. मग १९८२ च्या सप्टेंबरात ते गव्हर्नर म्हणून इथे मिंट रोडला आले आणि तीच सही दहाच्या नोटेवर दिसायला लागली. आमचे हेड कॅशियर म्हणाले, ह्या सरदारजींनी आता आपला पत्ता बदललाय. माझ्याकडे दोन्ही नोटा आहेत अजून, पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये.

म्हणजे मंत्री व्हायच्या आधी हा माणूस सरकारच्या जवळपास प्रत्येक टेबलावर बसून आला होता. गाव गाह, आता पाकिस्तानात, फाळणीत इकडे आले, मग पंजाब विद्यापीठ, केंब्रिज, ऑक्सफर्डची डॉक्टरेट १९६२ ची. काही वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारवाल्या संस्थेत, मग दिल्ली स्कूलमध्ये प्रोफेसर. १९७१ ला वाणिज्य खात्यात सल्लागार म्हणून घेतलं, १९७२ ला अर्थ खात्याचे मुख्य सल्लागार. तिथून सचिव, गव्हर्नर, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष, जिनिव्हाला साउथ कमिशन (विकसनशील देशांचा आयोग), चंद्रशेखरांचे सल्लागार, आणि १९९१ च्या मार्चमध्ये यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) चेअरमन. तू विचारतेस कोण उचलून आणतं, तर वीस वर्षं हा माणूस आतच होता गं, फक्त मंत्र्याच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर.

आणि पहिली पसंती ते नव्हतेच. नरसिंह रावांनी आधी विचारलं आय. जी. पटेलांना, तेही अर्थतज्ज्ञ, तेही माजी गव्हर्नर, मनमोहन सिंगांच्या आधीचेच. पटेल नाही म्हणाले. मग पी. सी. अलेक्झांडरांनी (नंतर आपले राज्यपाल झाले ते) मनमोहन सिंगांना सांगितलं, यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी रावांनी शोधून काढून सांगितलं की कपडे बदला आणि शपथेला या. २१ जून १९९१. ही गोष्ट त्यांनी स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलीय.

दलाल_स्ट्रीटचा_उंदीर

काका मस्तच लिहिलंय पण जरा आरती खाली ठेवूया का. ज्या लायसन्स राजला (प्रत्येक कारखान्याला सरकारी परवाना लागायचा ते) १९९१ ला लाथ मारली म्हणतात त्याच राजमध्ये हे वीस वर्षं एकेक पायरी चढत होते ना. १९७२ ते ७६ मुख्य सल्लागार, म्हणजे कंट्रोल जोरात असतानाचाच काळ. तेव्हा का नाही बोलले? आणि मंत्री झाल्यावर वर्षाच्या आत १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं. बँकांमधले सरकारी रोख्यांचे पैसे शेअरबाजारात फिरत होते आणि सगळ्यात शिकलेला अर्थमंत्री दिल्लीत बसलेला. माझे काका तेव्हा जीजीभॉय टॉवरच्या खाली सब-ब्रोकर होते, त्यांचं जे झालं ते घरात आजही कोणी काढत नाही. पीएचडी असली म्हणून नाकाखालचं दिसतंच असं नाही एवढंच म्हणणं.

फोर्टातला_म्हातारा

उंदीरसाहेब, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. पण दोन गोष्टी. एक, त्यांचा ऑक्सफर्डचा प्रबंधच भारताच्या निर्यातीवर होता, आणि सूर असा की आपण उगाच हातपाय गाळून बसलोय, निर्यात वाढू शकते. हे साठच्या दशकात, जेव्हा सगळे म्हणत होते निर्यातीतून काही होणार नाही, घरातच बनवा. म्हणजे मत जुनंच होतं. सल्लागाराचं मत फाईलवर राहतं, मंत्री 'पाहिले' लिहून सही करतो, संपलं.

दोन, १९९१ काय होतं ते काउंटरवरून सांगतो. मी तेव्हा कॅश सोडून फॉरेन एक्स्चेंजला बसत होतो. त्या एप्रिलपासून इम्पोर्टची एलसी (बाहेरच्या विक्रेत्याला बँकेने दिलेली पैशाची हमी) उघडायची तर २०० टक्के कॅश मार्जिन. म्हणजे एक लाखाचा माल बाहेरून मागवायचा तर आधी दोन लाख रोख बँकेत आणून ठेव. वडगादीचा एक केमिकलवाला होता, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्याने फॉर्म बघितला, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाला, "साब, लंडन से माल मंगा रहा हूँ, लंडन नहीं खरीद रहा." हसलो सगळे, पण त्याने फाईल काखेत मारली आणि गेला तो महिनाभर आलाच नाही. त्याच्या मागे आणखी किती जणांच्या भट्ट्या थंड झाल्या असतील देव जाणे. ते मार्जिन मुद्दामच लावलेलं, माल येऊच नये म्हणून, कारण डॉलरच नव्हते. बजेटच्या भाषणात त्यांनी स्वतः आकडा सांगितला, गंगाजळी २५०० कोटी, जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरती.

१ जुलै, सोमवार. रुपया खाली आणला. बुधवारी ३ तारखेला परत. आमचा ऑफिसर दुसऱ्या दिवशीचा रेट फोनवरून दोनदा विचारून घेत होता, त्याला वाटलं सोमवारचाच कोणीतरी परत पाठवलाय. २१ च्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला. मधल्या वेळात दिल्लीत काय चाललं होतं ते खूप नंतर कळलं. पहिल्या पायरीवर आरडाओरडा झाला तसे राव कचरले, म्हणाले दुसरी थांबवा. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला, तर रंगराजन म्हणाले झालं की, आत्ताच जाहीर केलं. थांबवण्यासाठी फोन जरा उशिरा गेला की मुद्दाम उशिरा केला, यावर आमच्या रिटायर्ड लोकांच्या चहात अजून वाद होतो.

आणि सोनं. त्याच जुलैत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं जवळपास ४७ टन सोनं इथून सहार एअरपोर्टला नेऊन इंग्लंडला पाठवलं, तारण म्हणून. ४० कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. वाटेत एका गाडीचा टायर फुटला आणि सुरक्षावाल्यांची पाचावर धारण बसली, असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलंय. विचार कर, मुंबईच्या पावसाळ्यात रस्त्यावर सोन्याची गाडी पंक्चर. आम्हाला पत्ताच नाही, आम्ही दोनशे टक्के मार्जिनवर शिव्या खात बसलेलो. ते सोनं त्याच वर्षी सोडवून घेतलं हे मात्र सांगितलं पाहिजे.

हर्षदबद्दल, हो, झालं ते त्यांच्या काळात. नंतर राजीनामाही दिला होता त्यांनी, रावांनी घेतला नाही. तुमच्या काकांना त्याने काय फरक पडणार, ते खरंच.

ठाणे_स्लो

बाकी सगळं ठीक आहे पण मुंबईच्या लोकांनी हा धागा काढावा आणि चिंतामणराव देशमुखांचं नाव इतक्या उशिरा यावं? ताई, तुझ्या बाबांना हे उदाहरण दे. पेडर रोडला ज्यांचं नाव आहे ते.

गावचे नाते, महाडजवळचे. १९१२ ला मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, संस्कृतची. केंब्रिजला गेले आणि तिथे शिकले काय तर वनस्पतीशास्त्र, त्यातही बक्षीस. आयसीएसला पहिले. म्हणजे डिग्रीने अर्थशास्त्रज्ञ नव्हेतच! पण १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ ला ब्रेटन वुड्सला आपल्या शिष्टमंडळात, जिथे ते आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) ठरलं जिच्या दारात आपण १९९१ ला उभे होतो. १९५० ला नेहरूंनी अर्थमंत्री केलं. आणि १९५२ ला ते कुलाब्यातून (म्हणजे आताचा रायगड, आपला फोर्टच्या पुढचा कुलाबा नव्हे) रीतसर लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँक १९५५ ची, आयुर्विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ चं, दोन्ही त्यांच्याच काळात.

मग मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, केंद्राच्या ताब्यात ठेवायची असं नेहरूंनी जाहीर केलं, गोळीबार झालेले, माणसं गेलेली, आणि ह्या माणसाने अर्थमंत्रिपद सोडलं. जुलै १९५६. लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांना तोंडावर सुनावलं, गोळीबाराची चौकशी मागितली. आमचे आजोबा गिरणीत होते, काँग्रेसचं नाव काढलं की घरात ताट भिरकवायचे, पण भिंतीवर सी. डीं.चा (देशमुखांचा) पेपरातला फोटो होता. शिकला-सवरलेला माणूस खुर्ची सोडतो हे त्यांना फार भारी वाटायचं, कारण त्यांच्या मते शिकलेली माणसं खुर्चीला जास्त चिकटतात.

आणि योगायोग बघा, गव्हर्नर आणि अर्थमंत्री अशी दोन्ही पदं भूषवलेली माणसं आपल्या देशात दोनच, देशमुख आणि मनमोहन सिंग. दोघेही यूजीसीचे चेअरमन. फक्त देशमुख मंत्रिपद सोडून यूजीसीला गेले आणि सिंग यूजीसी सोडून मंत्री झाले.

उगाच_एक

पेडर रोडचे ते डॉ. गोपाळराव देशमुख हो. हे वेगळे देशमुख. बाकी प्रतिसादाला +१.

ठाणे_स्लो

अर्र. बरोबर आहे. पंचवीस वर्षं त्या रस्त्याने टॅक्सीत बसून आईला सांगत आलोय. आमच्या ठाण्यात जी स्पर्धा परीक्षांची संस्था आहे, चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, ती मात्र ह्यांच्याच नावाची. तेवढी तरी राहू द्या.

लालबागची_लेक

बापरे किती छान लिहिताय सगळे, मी दोनदा वाचलं आणि बाबांनाही वाचून दाखवलं, वडगादीवाल्याला ते जाम हसले. पण अजून एक अडकलंय. मनमोहन सिंग जूनमध्ये मंत्री झाले, म्हणजे तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते? मग संसदेत बजेट कसं मांडलं? आणि आसामचा काय संबंध, ते तर पंजाबचे ना?

काळा_कोट_सीएसएमटी

घटनेचं कलम ७५(५). मंत्र्याने सलग सहा महिन्यांच्या आत कुठल्यातरी सभागृहाचं सदस्य व्हायला पाहिजे, नाही झाला तर मंत्रिपद जातं. म्हणजे सहा महिने तू संसदेबाहेरची असलीस तरी चालतंय. आणि कलम ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, सदस्य नसेल तर मत टाकता येत नाही एवढंच. त्यामुळे २४ जुलै १९९१ चं ते गाजलेलं बजेट मांडणारा माणूस खासदार नव्हता. बोलू शकत होता, स्वतःच्या बजेटला हात वर करू शकत नव्हता. हे मला लॉच्या पहिल्या वर्षाला कळलं तेव्हा मी कँटीनमध्ये चार जणांना गाठून गाठून सांगितलं, कोणाला काही पडली नव्हती.

आसाम असं की राज्यसभेची सीट जिथे पक्षाकडे मतं आहेत तिथून मिळते. ऑक्टोबर १९९१ ला त्यांना आसाममधून पाठवलं. तेव्हा कायदा होता की ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं त्या राज्याचा तू मतदार पाहिजेस. मग त्यांचा पत्ता पडला गुवाहाटीतला, मुख्यमंत्री हितेश्वर सैकियांच्या कुटुंबाच्या घरातली भाड्याची जागा. यावरून पुढे वर्षानुवर्षं टीका झाली. २००३ ला कायदाच बदलला, आता देशात कुठेही मतदार असलात तरी चालतं, आणि सुप्रीम कोर्टाने २००६ ला तो बदल उचलून धरला. ते आसाममधून २०१९ पर्यंत होते, मग राजस्थानातून एप्रिल २०२४ पर्यंत. त्याच वर्षी २६ डिसेंबरला गेले.

नायगाव_बीडीडी

सगळं वाचलं. एक नाव कोणीच घेतलं नाही म्हणून मलाच लिहावं लागतंय, दरवेळी आम्हालाच का लिहावं लागतं हा वेगळा धागा होईल. मंत्री झालेले अर्थशास्त्रज्ञ म्हणता आणि बाबासाहेब नाहीत? वकील म्हणून, घटनाकार म्हणून सगळ्यांना माहीत, पण माणसाच्या डिग्र्या बघा. कोलंबियाची पीएचडी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएस्सी १९२३ ची, आणि विषय काय तर रुपयाचा प्रश्न. त्याआधी १९१८ ते २० इथेच सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर. तेव्हा राहायचे परळच्या बीआयटी चाळीत. सकाळी पोरांना राजकीय अर्थशास्त्र शिकवून रात्री चाळीतल्या खोलीत अभ्यास. हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिली, त्याच आयोगाच्या शिफारशीतून पुढे रिझर्व्ह बँक आली.

आणि ताई तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे बघ. त्यांना कोणी उचलून नाही आणलं. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ला मुंबई प्रांताच्या निवडणुकीत स्वतः निवडून आले, माणसंही निवडून आणली. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं. १९४७ ला कायदामंत्री. अर्थ खातं कधीच नाही मिळालं, आणि याची खंत त्यांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या वेळी बोलून दाखवली, की माझं शिक्षण अर्थकारणाचं असून मला कधी त्या बाजूचं काही दिलं नाही. मग १९५२ ला इथूनच, उत्तर मुंबईतून लोकसभेला पडले. म्हणजे रुपयावर डॉक्टरेट केलेला माणूस रुपयाच्या खात्यापासून लांब ठेवला गेला. तर अर्थशास्त्र येतं की नाही यापेक्षा खातं वाटणारा कोण आहे हे बघायचं.

दलाल_स्ट्रीटचा_उंदीर

हे शेवटचं वाक्य कडक. सहमत. आणि खातं मिळालं तरी सुटका नाही. १९९१ च्या बजेटात खताचे भाव ४० टक्के वाढवले होते ना, अर्थशास्त्राच्या हिशोबाने बरोबरच, सबसिडी परवडत नव्हती. विरोधक राहिले बाजूला, काँग्रेसचेच खासदार अंगावर आले. ३० टक्क्यांवर यावं लागलं आणि लहान शेतकऱ्यांना त्यातूनही वगळलं. त्या १० टक्क्यांचं गणित ऑक्सफर्डला शिकवत नसावेत.

लायसन्सच्या बाबतीत मात्र मी माझे शब्द थोडे मागे घेतो. त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं, मोजके १८ उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची कटकट गेली. कंट्रोलची फाईल कुठून कुठे फिरते हे ज्याने स्वतः फिरवलीय त्यालाच नेमकी कुठली गाठ सोडायची ते कळणार, असंही म्हणता येईल. काका जिंकले. अर्धे.

मोहरीचं_तेल

डावे विसरू नका मंडळी. अशोक मित्र, मनमोहन सिंगांच्या आधी मुख्य आर्थिक सल्लागार हेच होते, १९७० ते ७२. मग बंगालमध्ये ज्योती बसूंच्या सरकारात १९७७ पासून बरीच वर्षं अर्थमंत्री. एकाच खुर्चीवरून उठलेले दोन अर्थशास्त्रज्ञ, एक इकडे एक तिकडे. आणि व्ही. के. आर. व्ही. राव, ज्यांनी दिल्ली स्कूल काढलं, ते आपल्या मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. ते १९६७ ला बेल्लारीतून लोकसभा जिंकून आधी वाहतूक मग शिक्षण खात्याचे मंत्री झाले. म्हणजे निवडणूक जिंकणारे प्रोफेसरही असतात, पण त्यांचं नाव वर्गात कोणी सांगत नाही. (मी बंगाली नाही, अलिबागचा आहे, आयडी बायकोमुळे.)

आकडेमोड

इतिहास भरपूर झाला, मुलीला पुढचं कोणीतरी सांगा. ताई, मंत्रिपदाचं राहू दे, पण त्या केबिनबाहेरच्या खुर्चीपर्यंत जायची वाट आहे. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, यूपीएससीच घेते, अर्थशास्त्रातली पीजी लागते, वय २१ ते ३०. जागा अगदी थोड्या निघतात, आणि लोक आयएएसच्या नादात फॉर्मच भरत नाहीत. दुसरं रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी, त्यात आर्थिक संशोधन विभागाची वेगळी भरती असते, तिथे इकॉनॉमिक्स-फायनान्सकडच्या पीजीवाल्यांना घेतात. मी दोन्ही दिल्या. एकात लेखी पास झालो, मुलाखतीत मला विचारलं घरात महिन्याला गॅस किती लागतो, आणि मी हॉस्टेलवाला, मला सिलिंडर किती किलोचा ते पण येईना. इकॉनोमेट्रिक्स घोकून गेलो होतो. १४.२ किलो. आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हा वडापाव केवढ्याला मिळतो, रेशनला काय येतं, आईचा किराणा किती होतो हे लिहून ठेवत जा, चेष्टा नाही करत.

लालबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना शेवटपर्यंत वाचून दाखवला. देशमुखांच्या राजीनाम्याला ते नुसतं "हं" म्हणाले, त्यांच्या भाषेत ती शाबासकी असते. बाबासाहेबांच्या प्रतिसादाला म्हणाले, हे आम्हाला शाळेत सांगितलं नाही. वकील आणि साखर कारखानदारावर मात्र अजून ठाम आहेत, म्हणतात तुम्ही मिळून शंभर वर्षांतली पाच-सहा नावं काढलीत, मी एका जिल्ह्यातले एवढे कारखानदार सांगतो.

आणि गंमत म्हणजे मग उठले आणि देवघरातला डबा काढला. आमच्याकडे आहेराच्या पाकिटात वर घालायला रुपयाच्या नोटा जपून ठेवलेल्या असायच्या, एकावन्न एकशेएकवाला रुपया, नंतर पाकिटांनाच नाणं चिकटवलेलं यायला लागलं आणि त्या राहून गेल्या. हळदीकुंकू लागलेली एक सापडली. दिव्याखाली धरून सही बघितली, मनमोहन सिंग नव्हतेच, मोंटेक सिंग अहलुवालिया निघाले. बाबांचा चेहरा जरा पडला. काका म्हणाले तसं वचन खरंच नाहीये तिच्यावर, तेवढं मात्र त्यांनी मला तीनदा दाखवलं.

फोर्टातला_म्हातारा

१९९४ सालची असेल बघ, वर्ष छापलेलं असतं. त्यानंतर कित्येक वर्षं रुपयाची नोट छापलीच नाही, थेट २०१५ ला परत सुरू केली. बाबांना सांग चेहरा पाडू नका, हेही ऑक्सफर्डवालेच अर्थतज्ज्ञ. सचिव झाले, पुढे २००४ पासून दहा वर्षं नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष, कॅबिनेटचा दर्जा होता. मंत्री नाही झाले. आणि ते हळदीकुंकू पुसू नका, नोट फाटेल, जुना कागद आहे.